डोर काउंटीचा फिश बॉइल: आई-बाबांना न्यायचं आहे, नीट माहिती हवी

शॉमबर्गकर

आई-बाबा जुलैच्या मध्यापासून सहा आठवडे आमच्याकडे शिकागोजवळ राहणार आहेत. विस्कॉन्सिनमधल्या डोर काउंटीला दोन रात्रींचा बेत आहे. तिथे उघड्यावर लाकडाच्या जाळावर मोठ्या हंड्यात मासे उकडतात, तो फिश बॉइल त्यांना दाखवायचा आहे. बाबा अलिबागचे, ताजा-शिळा मासा त्यांना लांबून कळतो. आई मासे आवडीने खाते, पण काट्यांची धास्ती घेते. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही.

कुठल्या गावात राहावं, किती आधी पोचावं, नेमकं काय बघायला मिळतं, आणि नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडलेला मासा कोकणातल्या माणसाला खरंच आवडेल का? ‘छान असतं, जाऊन या’ यापुढचं कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

मिलवॉकीकर

आधी एक गल्लत टाळा. विस्कॉन्सिनभर शुक्रवारी मिळतो तो फिश फ्राय, म्हणजे पिठात बुडवून तळलेला मासा. फिश बॉइल वेगळा, आणि तो डोर काउंटीचा. हॉटेल बुक करताना ‘आमच्याकडे फिश नाइट असते’ असं ऐकलंत तर दोन्हींपैकी कुठलं ते स्पष्ट विचारा.

शिकागोहून फिश क्रीक साधारण २४० मैल आहे, न थांबता साडेचार तास. मिलवॉकीपर्यंत आय-९४, मग ग्रीन बेपर्यंत आय-४३, तिथून हायवे ५७. स्टर्जन बेच्या अलीकडे ५७ आणि ४२ एकत्र येतात, पूल ओलांडल्यावर परत फुटतात. तुम्ही ४२ धरायचा, तो डोर काउंटीच्या द्वीपकल्पाच्या पश्चिम अंगाने फिश क्रीक, एफ्रेम, सिस्टर बे असा वर जातो. घाई नसेल तर मॅनिटोवॉकलाच आय-४३ सोडून ४२ वर या. मिशिगन तळ्याच्या काठाने केवॉनी, अल्गोमा लागतं. वेळ जास्त जातो, पण वयस्कर माणसांना सारखं उतरता येतं.

राहायला फिश क्रीक किंवा एफ्रेम. दोन्ही गावं पश्चिमेकडे, ग्रीन बेच्या उपसागराकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सूर्यास्त पाण्यात दिसतो. फिश क्रीकमधलं व्हाइट गल इन हे १८९६ सालचं, तिथला फिश बॉइल सगळ्यांत नावाजलेला. एफ्रेममध्ये ईगल हार्बरच्या काठावर ओल्ड पोस्ट ऑफिस नावाचं रेस्टॉरंट आहे. मे ते ऑक्टोबर हा हंगाम. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारचं बुकिंग आठवडे आधी संपतं, म्हणून शक्य असेल तर मंगळवार-बुधवार धरा. वार आणि वेळा दरवर्षी बदलतात, तेव्हा फोन करूनच नक्की करा.

फोनवर एक प्रश्न जरूर विचारा: तुम्ही दिलेली वेळ जेवायला बसायची आहे की हंडा उतू घालवण्याची (शेवटी जाळ भडकवून पाणी मुद्दाम ओसंडू देतात, त्याची)? या दोन्हींत पंधरा-वीस मिनिटांचा फरक असतो. उतू जाण्याचा प्रकार जेमतेम काही सेकंदांचा. तो हुकला तर पुढे नुसतं जेवण उरतं. बटाटे टाकतानापासून बघायचं असेल तर उतू जाण्याच्या चाळीस मिनिटं आधी पोचा.

संध्याकाळी तळ्यावरून गार वारा येतो, जुलैतसुद्धा. आईंना स्वेटर लागेलच. डासांचं मलम बरोबर ठेवा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे आंबट चेरीचा हंगाम असतो, बागेत जाऊन स्वतः तोडता येतात. फिश बॉइलनंतर मिळणारा चेरी पाय (चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ) याच चेरींचा, म्हणून तुमच्या तारखा उत्तम आहेत. पेनिन्सुला स्टेट पार्कमधला ईगल टॉवर २०२१ मध्ये नव्याने उभा राहिला. ६० फूट उंच आहे, आणि वर जायला ८५० फुटांचा लाकडी उतार केलेला आहे. गुडघे दुखणाऱ्यांनाही सावकाश चढता येतो.

चुलवण

हंड्यापाशी नेमकं काय चालतं ते लिहितो. ते माहीत असलं की बघण्यात दुप्पट रस येतो.

उघड्या अंगणात दगडांचं किंवा लोखंडी कड्याचं चुलाण, त्यावर स्टीलचा मोठा हंडा. हंड्यात बसतील अशा छिद्रांच्या टोपल्या असतात. एकीत बटाटे, दुसरीत मासा. कड्यांतून दांडा घालून दोघं जण टोपली उचलतात. हंडा जवळजवळ काठोकाठ भरलेला असतो आणि ते मुद्दाम, कारण शेवटी तो उतू घालवायचा असतो.

आधण खळखळलं की मीठ. प्रमाण ऐकून दचकायला होतं: साडेसात लिटर पाण्याला साधारण ४५० ग्रॅम. म्हणजे सहा टक्के. समुद्राचं पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. यातलं अर्धं मीठ बटाट्यांबरोबर जातं, अर्धं माशाबरोबर. बटाटे लहान, लाल सालीचे, सालासकटच. दोन्ही टोकं पातळ कापलेली असतात म्हणजे मीठ आत शिरतं. बऱ्याच ठिकाणी छोटे अख्खे कांदेही टाकतात. बटाट्याला वीस मिनिटं. सुरी टोचल्यावर मध्यभागी किंचित कच्चा लागला पाहिजे, तेव्हाच मासा टाकायचा. बटाटा तेव्हाच पूर्ण शिजला असेल तर पुढच्या दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो.

मासा म्हणजे लेक व्हाइटफिश. गोड्या पाण्यातला, पांढऱ्या मांसाचा, चवीला सौम्य, पण अंगात तेल भरपूर. खवलं काढून, डोकं-शेपूट टाकून दोन-दोन इंचांच्या आडव्या तुकड्या करतात, कातडी आणि कणा ठेवून. कणा-कातडी ही तुकडीची चौकट. फिले, म्हणजे कणा काढलेल्या नुसत्या मांसाच्या पट्ट्या, टाकले तर पाच मिनिटांत चुरा होऊन टोपलीच्या छिद्रांतून निघून जातात.

मासा आत गेला की आठ ते दहा मिनिटं. इतका मासा एकदम टाकल्याने आधण थंडावतं, म्हणून याच वेळी जाळ सणसणीत करतात. उकळी परत यायला वेळ लागला तर मासा कोमट पाण्यात मऊ पडतो. माशाचं तेल सुटून वर तवंग येतो, त्यात राखाडी फेस मिसळतो. तो तसाच राहिला तर टोपली वर काढताना सगळा माशावर बसेल आणि उग्र वास येईल. तवंग घालवायचा उपाय म्हणजे हंडा उतू घालवणं. आचारी मोजून घेतलेलं रॉकेल एका फटक्यात जाळाच्या बुडाशी फेकतो. ज्वाळा हंड्याच्या वर जातात, पाणी एकदम फुगून चहूबाजूंनी ओसंडतं, वरचा तवंग आणि फेस बरोबर घेऊन जातं. सांडलेल्या पाण्याने जाळही बराचसा विझतो. लगेच टोपल्या बाहेर.

हे बघताना वारा कुठून येतोय ते पाहून वारा पाठीवर घेऊन उभे राहा. धूर आणि खारी वाफ समोरच्या बाजूच्या लोकांच्या डोळ्यांत जाते. आखून दिलेल्या रेषेच्या आत मुलांना जाऊ देऊ नका, धग अंगावर येते.

बाबांना पोपटी माहीत असणारच. तिथे मडक्यात पाण्याचा थेंब नसतो, भांबुर्ड्याच्या पाल्याची वाफ आणि बाहेरचा जाळ एवढ्यावर सगळं शिजतं. इथे सगळा कारभार पाण्याचा, पण अंदाज तसाच जाळ बघून घ्यायचा असतो. त्यांना तो भाग नक्की आवडेल.

मुळात ही स्कँडिनेव्हियातून आलेल्या वसाहतकऱ्यांची पद्धत. लाकूडतोडे आणि कोळी, दोघांनाही एका भांड्यात पन्नास माणसांचं जेवण लागायचं. पूर्वी लेक ट्राउटही वापरत. सी लॅम्प्री या परजीवी माशाने १९४०-५० च्या सुमारास मिशिगन तळ्यातला ट्राउट जवळजवळ संपवला. आज हंड्यात दिसतो तो व्हाइटफिशच.

साष्टीचा

मिठाबद्दल थोडी भर. ‘मिठामुळे तेल वर येतं’ असं तिथले आचारी पाहुण्यांना सांगतात. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने साध्या पाण्यातही वर येतंच. मिठाने पाणी जड होतं, त्यामुळे फार तर थोडी मदत होते. उकळबिंदूही जेमतेम एका अंशाने वाढतो, त्याने शिजण्यात फरक पडत नाही.

मीठ एवढं घालतात ते वेळ कमी असल्यामुळे. दोन इंच जाडीच्या, कातडीसकटच्या तुकडीत दहा मिनिटांत चव उतरायची तर पाणी कडक खारं हवं. आपण तुकड्यांना मीठ-हळद लावून अर्धा तास मुरवतो, ते काम इथे आधण करतं. मासा खारट लागत नाही तोही वेळेमुळेच. शिजलेला मासा त्या पाण्यात आणखी पाच मिनिटं राहिला तर खारट होतो आणि कण्यापासून सुटून विस्कटतो. चांगल्या ठिकाणी टोपली काढल्यापासून ताट समोर येईपर्यंत फार वेळ जात नाही. जेवायची दुसरी-तिसरी पाळी असेल तर त्या पाळीसाठी नवा हंडा लागतो का, ते विचारून घ्या. आधीचा मासा झाकून ठेवून वाढत असतील तर जाऊ नका.

बाबांना आवडेल का? ताजा व्हाइटफिश असेल तर हो. मांस ओलसर, मोठ्या पाकळ्यांनी सुटणारं, आणि वास जवळजवळ नाही. पहिला घास फक्त वितळलेलं लोणी आणि लिंबू लावून खायला सांगा. मसाल्याची डबी नंतर काढा. लोणी इथे तोंडी लावण्यापुरतं नसतं, त्याशिवाय हा पदार्थ पुरा होत नाही. वाटी संपली तर संकोच न करता दुसरी मागायची.

रेवदंडा

काट्यांचं सांगते. व्हाइटफिशला पापलेटासारखा एक सरळ कणा आणि काम संपलं असं नसतं, आणि हिलशासारखं केसाएवढ्या काट्यांचं जाळंही नसतं. अधलंमधलं आहे. तुकडी ताटात आडवी ठेवून आधी कातडी फोर्कने गुंडाळत काढा. मग कण्याच्या रेषेवर फोर्क टेकवून वरचं मांस पाठीच्या बाजूला ढकला, ते अख्ख्या पाकळीत सुटतं. कणा एका टोकाला धरून उचलला की बरगड्यांचे काटे त्याच्याबरोबर येतात. पोटाकडच्या पातळ भागात थोडे राहतात, आणि पाठीच्या मांसात बारीक काट्यांची एक ओळ असते. ती बोटाने चाचपूनच काढावी लागते. आईंना शेपटीकडची तुकडी मागा, तिच्यात बरगड्या नसतात. बहुतेक ठिकाणी वाढणारी मंडळी टेबलाशीच काटे काढून देतात. ‘डीबोन करून द्या’ एवढं म्हटलं की पुरे. तरी लहान मुलांचा घास एकदा आपण चाचपून द्यावा.

सासूबाईंचा प्रश्न मात्र हलका घेऊ नका. बटाटे वेगळ्या टोपलीत दिसतात, पण शेवटची दहा मिनिटं माशाच्याच पाण्यात उकळलेले असतात. म्हणजे ते त्यांना चालणार नाहीत. कोबीच्या कोलस्लॉमध्ये बहुधा मेयोनीज, म्हणजे अंडं. ब्रेडमध्ये अंडं असू शकतं, पायच्या आवरणात कधी कधी चरबी असते. हे सगळं बुकिंगच्या वेळीच विचारायचं, कारण गर्दीच्या वेळी वाढणाऱ्या मुलामुलींना स्वयंपाकघरातलं ठाऊक नसतं. स्वयंपाकघरात आधी कळवलं तर बहुतेक जण वेगळं काही करून देतात. तरीही दशम्या आणि चटणी बरोबर असू द्या. त्यांना हंडा बघायला मिळावा आणि उपाशीही राहायला लागू नये, म्हणून खोलीवर आधी थोडं खाऊन निघणं सगळ्यांत सोपं.

शॉमबर्गकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुठे मिळालं नव्हतं. सासूबाईंच्या बटाट्याचं तर डोक्यातही आलं नसतं.

अजून एक. परत आल्यावर घरामागच्या अंगणात बारा जणांसाठी हेच करावं असा विचार आहे. प्रोपेनची शेगडी आणि टर्की तळायचा ३० क्वार्टचा टोपलीवाला डबा आहे. जमेल का?

चुलवण

जमेल. पण रॉकेलचा विचार आत्ताच सोडून द्या, खाली कारण लिहिलं आहे.

३० क्वार्ट म्हणजे २८ लिटर. त्यात १६ लिटर पाणी घाला. मासा-बटाटे गेल्यावर पातळी २० लिटरच्या पुढे जाते आणि वर हातभर नाही तरी चार-पाच बोटं जागा राहते. ती हवीच, उकळतं खारं पाणी बर्नरवर सांडलं तर ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो. डबा ॲल्युमिनियमचा असेल तर इतक्या मिठाने त्याला खड्डे पडतात, म्हणून स्टीलचा घ्या.

माणशी दोन तुकड्या आणि दोन बटाटे. म्हणजे २४ तुकड्या, साफ केलेला मासा अंदाजे तीन किलो, आणि कोंबडीच्या अंड्याएवढे २४ लाल बटाटे. मासेवाल्याला ‘फिले नको, कातडी ठेवून दोन इंचांचे स्टेक’ असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने फिले करून ठेवतो. मीठ ९०० ग्रॅम, काट्यावर तोलून, ४५०-४५० च्या दोन पुड्या. कपाने मोजू नका, जाड्या आणि बारीक मिठाच्या कपांच्या वजनात खूपच फरक पडतो. लोणी अर्धा किलो, मंद आचेवर वितळवून, वरचा फेस काढून.

अंगणात वारा असतो, म्हणून १६ लिटरला उकळी यायला पंचवीस मिनिटं धरा. झाकण ठेवा. उकळी आली की बटाटे आणि मिठाची पहिली पुडी. वीस मिनिटांनी सुरी टोचून बघा. मग मिठाची दुसरी पुडी आणि मासा. तुमच्याकडे एकच टोपली असेल तर मासा बटाट्यांवरच रचा, दाबू नका. आच पूर्ण मोठी. उकळी परत आल्यापासून आठ मिनिटांनी एक तुकडी झाऱ्याने वर घ्या आणि कण्यापाशी फोर्क घालून बघा. मांस कण्यापासून सुटतंय पण तुकडी अजून एकसंध आहे, हीच खूण. मांस अर्धपारदर्शक दिसलं तर अजून दोन मिनिटं.

उतू घालवण्याऐवजी मासा टाकल्यापासून सतत झाऱ्याने तवंग आणि फेस काढत राहा. एक माणूस फक्त त्याच कामाला. टोपली उचलण्याच्या आधी अर्धा मिनिट पृष्ठभाग स्वच्छ दिसला पाहिजे. मग आच बंद करून, हातमोजे घालून टोपली सरळ वर, दोन मिनिटं निथळू द्या, आणि लगेच वाढा. ताटं, लोणी, लिंबू सगळं आधी मांडलेलं हवं. मासा माणसांची वाट बघत बसला की गेला.

रॉकेल का नको: ओतताना त्याची वाफ होते आणि ज्वाळा धारेवरून उलटी हातातल्या रॉकेलच्या डब्यापर्यंत येऊ शकते. शेजारी प्रोपेनचा सिलिंडर, वर लाकडी डेकचं छप्पर, भोवती पाहुणे. तिथल्या आचाऱ्यांकडे मोकळं अंगण असतं, मोजलेलं माप असतं आणि रोजचा हात असतो.

सासूबाईंसाठी वेगळ्या पातेल्यात दोन लिटर पाणी आणि १२० ग्रॅम मीठ घालून बटाटे-कांदे उकडा. चव तीच येते. उरलेलं खारं पाणी गवतावर ओतू नका, जागा वर्षभर पिवळी राहते. थंड करून मोरीत सोडा.

मिलवॉकीकर

कुणी हे पेनिन्सुला पार्कच्या कॅम्पसाइटवर लाकडाच्या जाळावर करणार असेल तर एक लक्षात ठेवा. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कात बाहेरगावची लाकडं आणता येत नाहीत. दहा मैलांच्या आतली किंवा प्रमाणपत्र असलेलीच चालतात, कारण लाकडांबरोबर झाडं पोखरणारे किडे येतात. इलिनॉयमधून डिकी भरून नेऊ नका, पार्काजवळच विकत घ्या. कॅम्पसाइटचं बुकिंग ११ महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार तेव्हाच जातात.

शॉमबर्गकर

शेवटचं एकच. बाबा आत्तापासून विचारताहेत की अलिबागला परत गेल्यावर कुठला मासा घेऊन हे करता येईल?

रेवदंडा

जिताडा. जाड कातडी, पांढरं मांस, मोठ्या पाकळ्या, अंगात बेताचं तेल. व्हाइटफिशच्या जवळात जवळ तोच. नाहीतर रावस. दोन्हींच्या दोन इंची तुकड्या कातडी-कण्यासकट, आठ-नऊ मिनिटं. सुरमई चालेल, पण ती लवकर कोरडी पडते, सहा मिनिटांत काढायची आणि लोणी जास्त घ्यायचं. पापलेट पातळ असल्याने यात वाया जातं. बांगडा आणि तारली अजिबात नको, त्यांचं तेल उग्र असतं, सगळं आधण वासाचं होतं आणि बटाटेही.

ऑगस्टच्या अखेरीस ते परततील तेव्हा १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी उठून महिना झालेला असेल, बाजारात ताजं येऊ लागतं. खडे मीठ तोलून, तेच साडेसात लिटरला ४५० ग्रॅम. जाळाला शेवटच्या दहा मिनिटांसाठी सुक्या झावळ्या आणि करवंट्या हाताशी ठेवायला सांगा. मासा टाकल्यावर आधण थंडावतं तेव्हा त्याच घालायच्या, उकळी दोन मिनिटांत परत येते.